या रिकाम्या खुर्च्यांचा जाब कोण देणार?

गेल्या महिन्यात एक बाई आमच्या कार्यालयात आल्या. तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून चार तासांचा प्रवास करून आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला खाकी लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला आणि पाणीही न पिता म्हणाल्या, "साहेब, हे कुणाकडे द्यायचं तेवढं सांगा." लिफाफ्यात हाताने लिहिलेला तीन पानी अर्ज होता. शाई दोनदा बदललेली, मधल्या चार ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या.

बाई पाच महिने एका समुपदेशकाकडे जात होत्या. त्या खोलीत त्यांनी जे सांगितले ते जन्मदात्या आईलाही सांगितलेले नव्हते. पुढे ते सगळे नणंदेच्या घरी पोचले. समुपदेशकांची त्या घराशी ओळख होती आणि बोलता बोलता त्यांनीच ते सांगून टाकले. विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले, "तुमच्या भल्यासाठीच बोललो." आज घरात मिठावरून वाद झाला तरी तीच गोष्ट बाईंच्या तोंडावर फेकली जाते. त्या अर्जातले शेवटचे वाक्य त्यांच्या परवानगीने आम्ही येथे देत आहोत : "मला पैसे परत नकोत, हे त्यांनी करायला नको होतं एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं."

एवढा एक कागद मिळवण्यासाठी बाईंनी किती उंबरे झिजवले! डॉक्टरांच्या परिषदेकडे विचारले, तर 'ते डॉक्टर नाहीत'. व्यावसायिकांच्या एका संघटनेला फोन केला, तर 'ते आमचे सभासद नाहीत'. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यात गुन्हा कोणता लिहू?" वकील म्हणाले, ग्राहक आयोगात जाता येईल, पण मग जे झाकायचे आहे तेच सुनावणीत उघड्यावर येईल. शेवटी बाई वर्तमानपत्राच्या दारात आल्या. ज्या राज्यात जखमी मनाला न्याय मागण्यासाठी संपादकाच्या टेबलापर्यंत यावे लागते, त्या राज्यातल्या मानसोपचाराच्या व्यवसायाला आम्ही आज जाब विचारत आहोत.

आमचा रोख भोंदूंवर नाही. भोंदू आपला धंदा करणारच. दोन शनिवार-रविवारचा वर्ग करून 'थेरपिस्ट' अशी पाटी लावणाऱ्याला कोणी अडवले नाही, तर तो उद्या दुसरी शाखाही काढील. आमचा सवाल सज्जनांना आहे. जे खरोखर शिकलेले आहेत, वर्षानुवर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करून ज्यांनी ही विद्या मिळवली, ज्यांच्या खोलीतून माणसे सावरून बाहेर पडतात, त्या सर्वांना आम्ही विचारतो : तुमच्या व्यवसायाच्या समित्यांच्या खुर्च्या रिकाम्या का आहेत?

गेल्या वर्षी एका व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आम्ही स्वतः जाऊन बसलो होतो. संघटनेचे नाव आम्ही घेणार नाही, कारण हे चित्र एकट्या तिचे नाही. रविवार, सकाळचे दहा, शाळेचे सभागृह. शिपायाने शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. साडेदहापर्यंत अकरा माणसे आली. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे त्याच जागी, त्याच अकरा माणसांसह पुन्हा सुरू झाली. इतिवृत्त वाचले गेले, हिशेब मंजूर झाले. मग विषय क्रमांक सहा आला : आचारसंहिता समितीवर तीन सदस्य नेमणे. अध्यक्षांनी दोनदा विचारले. कोणी वहीत पाहिले, कोणी मोबाइलमध्ये. एक तरुण मुलगी हात वर करता करता थांबली. शेजारच्या बाई तिच्या कानात काहीतरी बोलल्या आणि हात खाली गेला. 'विषय पुढील सभेकडे वर्ग करण्यात येत आहे', असा ठराव झाला. सूचक होते, अनुमोदक होते, टाळ्याही पडल्या.

दुपारी त्याच सभागृहात एका नव्या उपचारतंत्राची कार्यशाळा होती. शुल्क भरून, आधी नाव नोंदवून लोक आले होते. शंभर खुर्च्या पुरल्या नाहीत. वर्गांमधून बाक आणावे लागले. शेवटी प्रमाणपत्रांसाठी रांग लागली. आम्ही ती रांग दाराशी उभे राहून पाहिली आणि आम्हाला संताप आला. तंत्र शिकायला माणसे आहेत, पण ते तंत्र चुकीच्या हाती पडून कुणाचे वाटोळे झाले तर त्याची चौकशी करायला तीन माणसे मिळत नाहीत!

कायदा नाही अशी सबब कोणी पुढे करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८च्या मे महिन्यात अमलात आला. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानण्याच्या जुन्या क्रौर्यातून त्याने माणसाला सोडवले. त्याच्या कलम २३ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला. पण त्याच कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. तीत मनोविकारतज्ज्ञ आहेत, राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत. गावोगाव पाटी लावून बसलेल्या समुपदेशकाचे नाव त्या व्याख्येत नाही. १९९२च्या कायद्याने झालेली भारतीय पुनर्वसन परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंदणी करते. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्याला त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एक हजार रुपये! काही शहरांत एका सेशनला याहून अधिक पैसे घेतले जातात. औषधाची बाटली हाती देणाऱ्या फार्मासिस्टसाठी १९४८पासून कायदा आहे, वकिलांसाठी १९६१पासून. माणसाच्या मनाचे कुलूप उघडणाऱ्यासाठी मात्र आजही धड एक दार नाही, धड एक वही नाही.

संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक प्रथमच एका छताखाली येण्याची वाट मोकळी झाली. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यात परिषद हवी आणि तिच्यात त्या त्या व्यवसायगटाचे प्रतिनिधी हवेत. राज्ये ढिम्म राहिली. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की दोन महिन्यांत अंमलबजावणी करा. तोवर देशात अवघ्या १४ राज्यांनी परिषदा स्थापल्या होत्या आणि त्याही कामाला लागलेल्या नव्हत्या. सरकारचा दोष आहेच, आणि आम्ही त्याला सोडणार नाही. पण ज्या प्रतिनिधित्वासाठी कायदा झाला ते मागायला हा व्यवसाय किती वेळा रस्त्यावर आला? कितीदा मंत्रालयाच्या पायऱ्या चढला? शिक्षक आझाद मैदानावर बसतात, अंगणवाडीताई बसतात, आशाताई बसतात. मानसोपचार करणारे बसलेले आम्ही पाहिले नाहीत.

समिती झोपली की काय होते याचा दाखला याच राज्यातला आहे. बऱ्या झालेल्या एका स्त्रीला सरकारी मनोरुग्णालयात तब्बल बारा वर्षे काढावी लागली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी तिच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा कायद्याने जन्माला घातलेले राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण कागदावर स्थापन होऊन बैठकांविना पडून राहिले होते, ही लाजिरवाणी गोष्ट न्यायालयापुढे आली. बारा वर्षे म्हणजे पहिलीत गेलेल्या पोराची बारावी होते. त्या बारा वर्षांत कोणी तिला मारले नसेल, उपाशी ठेवले नसेल. पण तिची फाइल उघडून 'ही बाई इथे का आहे?' एवढा प्रश्न विचारणारी बैठक झाली नाही. बैठक न होणे हा माणसाच्या आयुष्यावरचा अत्याचार असू शकतो, हे ज्याला कळले नाही त्याने मानसशास्त्राची पदवी भिंतीवरून उतरवून ठेवावी.

आणि गरज केवढी आहे! बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना उपचार लागतील असा मानसिक आजार आढळला, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपले दुःख मोजलेही गेले नाही. मोजल्या गेल्या त्या चिता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, कोणत्याही राज्याहून अधिक. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांतही पहिला क्रमांक आपलाच.

याच पार्श्वभूमीवर जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असा त्यांचा आदेश आहे. म्हणजे आता माणसे नेमली जाणार. 'पात्र' कोण हे ठरवणार कोण? पगार किती, मुलांशी बोलायला वेगळी खोली असेल की स्टाफरूमचा कोपरा, हे कोण सांगणार? आजच आम्हाला ठाऊक आहे की शाळेतल्या समुपदेशक मुलीला परीक्षेच्या काळात वर्गावर सुपरव्हिजनला उभे करतात. आणि तिच्या कामाला जी सुपरव्हिजन लागते, ज्येष्ठाने तिच्याबरोबर बसून केस तपासण्याची, ती तिला वर्षानुवर्षे मिळत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, 'त्या मुलाने तुला काय सांगितलं ते लेखी दे.' ती अकरा महिन्यांच्या करारावर आहे. ती नाही कशाच्या जोरावर म्हणणार? तिच्या हातात व्यवसायाच्या समितीचा एक कागद असता, की गोपनीयतेचा भंग करायला लावणे नियमबाह्य आहे, तर ती तो टेबलावर ठेवू शकली असती. समिती म्हणजे छडी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी त्या मुलीकडे पाहावे. समिती तिच्या डोक्यावरचे छप्पर आहे.

यावर आम्हाला मिळणारी उत्तरे आम्ही ऐकली आहेत. वेळ नाही, असे म्हणतात. महिन्यातून दोन तास लागतात. या क्षेत्रात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांचा रविवार घर खाऊन टाकते, हे आम्हाला मान्य आहे. मग सभा रविवारी सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला कशाला ठेवता? ऑनलाइन घ्या, दुपारी घ्या, पण घ्या. तेथे राजकारण असते, असेही म्हणतात. असतेच. चांगली माणसे उठून गेली की जे उरते त्यालाच लोक राजकारण म्हणतात.

खरे कारण वेगळे आहे, आणि ते मोठ्याने कोणी बोलत नाही. समितीत गेलो तर उद्या ओळखीच्या माणसाविरुद्ध निर्णय द्यावा लागेल. ज्याच्यासमोर बसून आपण शिकलो तो, जो आपल्याकडे पेशंट पाठवतो तो, ज्याच्या मुलाच्या लग्नात आपण जेवलो तो. लहान शहरात तर सगळे एकमेकांना धरून उभे असतात. त्या सभेत त्या मुलीच्या कानात काय सांगितले गेले असेल ते आम्ही ओळखू शकतो. ही भीती खरी आहे, माणुसकीची आहे, आणि तरीही ती मान्य करता येणार नाही. पेशंटला तुम्हीच रोज सांगता ना, की जवळच्या माणसाला नाही म्हणायला शीक? नात्याच्या भीतीने गप्प बसलीस म्हणून तुझे मन कुजले, हे त्या बाईला समजावून सांगताना तुमचा आवाज केवढा ठाम असतो! तो ठामपणा खोलीबाहेर आणा.

या भीतीवर उपाय नाही असेही नाही. चौकशी करणाऱ्या मंडळात बाहेरची माणसे बसवा. एक वकील, दुसऱ्या जिल्ह्यातला एक व्यावसायिक, आणि ज्याने स्वतः उपचार घेतले आहेत असा एक माणूस. २०१७च्या कायद्याने ही वाट आखून दिली आहे : राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार भोगलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, त्यांची काळजी घेणाऱ्यांचे दोन, स्वयंसेवी संस्थांचे दोन. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणाने तर व्यसनातून बाहेर आलेली माणसेच दुसऱ्यांना बाहेर काढायला उभी केली. ज्याने दुःख भोगले त्याला न्यायाची पारख असते, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको.

आमच्याकडे संस्था उभ्या राहिल्या, आणि मोठ्या कष्टाने राहिल्या. मुक्तांगण आहे, ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या घरात आणली. पण संस्था उभ्या राहिल्या तसा व्यवसाय उभा राहिला नाही. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषकांची भारतीय संघटना स्थापली, त्याला शंभर वर्षे उलटली. महाराष्ट्रात मात्र बाईंच्या तीन पानांना पोच देणारी जागा नाही.

समिती कशी असावी, यासाठी विलायतेकडे पाहण्याची गरज नाही. पुण्याची सार्वजनिक सभा आठवा. १८७० साली ती जन्मली तीच तक्रारीतून. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या मांडायला अधिकृत तोंड नव्हते. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणू लागला, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम केला : सभेचा सदस्य व्हायचे तर किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणा. ९५ सदस्य झाले आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर माणसांच्या सह्या होत्या. खुर्चीवर बसणारा माणूस आपण कोणासाठी बसलो आहोत हे खिशात घेऊन बसत असे.

हा नियम मानसोपचाराच्या समित्यांना लावा. समितीवर येणाऱ्या प्रत्येकाने पन्नास सह्या आणाव्यात, आणि त्या सगळ्या मुंबई-पुण्याच्या नकोत. गडचिरोलीच्या समुपदेशकाची एक, बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या बायांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्तीची एक, नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या शिक्षिकेची एक. मग बैठकीत बसल्यावर त्यांचे प्रश्न टाळता येणार नाहीत. उपचाराआधी ज्यावर सही घेतात तो संमतीचा कागद इंग्रजीत का, हा पहिला प्रश्न येईल. जो कागद वाचता येत नाही त्यावरची सही संमती कशी? तक्रारीचा नमुना मराठीत का नाही, प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर समितीचा फोन नंबर का नाही, हे येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर एम.फिल. पदवी मोडीत निघाली. क्लिनिकल सायकॉलॉजीला थोडी मुदतवाढ मिळाली एवढेच. तिच्या जागी जे शिक्षण येईल त्यात प्रत्यक्ष कामाचे तास किती, देखरेख कोणाची, हे आज दिल्लीत ठरते आहे. तेथे मराठीत पेशंट ऐकणाऱ्या माणसाचा आवाज आहे काय?

तरुणांना आम्हाला वेगळे सांगायचे आहे. ज्येष्ठ उठून जागा देतील याची वाट पाहू नका. पुढच्या वार्षिक सभेची नोटीस येईल तेव्हा ती डिलीट करू नका, विषयपत्रिका वाचा. उमेदवारी अर्ज मागा. सूचक-अनुमोदक मिळत नसतील तर दोघी मैत्रिणी एकमेकींच्या व्हा. निवडून आल्यावर बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत जातो की नाही पाहा, कारण कागदावर जुनेच पदाधिकारी राहिले तर तुमचा ठराव कोणी मोजणार नाही. काम कंटाळवाणे आहे. इतिवृत्त लिहिणे, पत्रांना उत्तरे देणे, दोन्ही बाजू ऐकून चार पानी निर्णय लिहिणे, यासाठी प्रमाणपत्र मिळत नाही आणि टाळ्या तर नाहीतच. त्या दिवशी हात अर्ध्यावर ठेवणाऱ्या मुलीला आम्ही सांगतो : बाई, तो हात पुन्हा वर कर, आणि या वेळी कानाशी कोणी आले तर तिलाही हात वर करायला लाव.

सोमवारी त्या बाईंचा फोन आला होता. "काही ठरलं का हो?" एवढेच त्यांनी विचारले. अर्ज अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. महाराष्ट्रातल्या ज्या कोणा मानसोपचारकांच्या समितीला तो स्वीकारण्याचा अधिकार आणि धैर्य असेल तिने आम्हाला पत्ता कळवावा. आम्ही स्वतः तो घेऊन येऊ, आणि पोच मिळेपर्यंत दारातून हलणार नाही.